प्लास्टी डिप: चाकांवर उत्तम, अख्ख्या गाडीवर जपून

पकडीच्या मुठीवर असतो तसा मऊ रबरी थर गाडीच्या चाकांवर किंवा थेट बॉनेटवर फवारायचा आणि कंटाळा आला की मोसंबीच्या सालीसारखा सोलून टाकायचा, ही प्लास्टी डिपची सगळी गंमत. पकडीची उपमा उगाच दिलेली नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, ब्लेन इथे असलेल्या या कंपनीचा धंदा १९७२ पासूनचा आणि सुरुवात हत्यारांच्या मुठींपासूनच झाली. डब्यात मूठ बुडवायची, हळूच बाहेर काढायची, वाळू द्यायची. नावातला 'डिप' तिथून आला. पुढे तेच रसायन एरोसोल कॅनमध्ये मिळू लागलं, तिथल्या हौशी मंडळींनी ते चाकांवर मारलं, आणि मग गॅलनचे डबे नि स्प्रे गन घेऊन अख्ख्या गाड्या रंगू लागल्या.

आधी निकाल सांगून टाकतो. अलॉय किंवा स्टीलची चाकं, क्रोमची ग्रिल, डिकीवरचा लोगो यांसाठी इतकी स्वस्त आणि परतीची वाट उघडी ठेवणारी दुसरी वस्तू नाही. नुसतं बॉनेट किंवा नुसतं छप्पर काळं करायचं असेल तरी चालेल. अख्खी गाडी करायची तर मूळ रंग कंपनीचा हवा, बंदिस्त पण हवेशीर जागा हवी, कोरडा मोसम हवा आणि रोज फडकं मारणाऱ्या माणसावर तुमचा ताबा हवा. यातली एकही गोष्ट नसेल तर व्हिनाइल रॅपकडे, म्हणजे पत्र्यावर चिकटवायच्या रंगीत फिल्मकडे वळावं.

घेणारे बहुतेक जण 'लावल्यावर कसं दिसेल' एवढंच बघतात. दिसतं चांगलंच. दोन पातळ हात मारले तरी पहिल्या दिवशी ते पाच हातांइतकेच देखणे दिसतात. फरक कळतो काढायच्या दिवशी: जाड थर बॉनेटभर एका तुकड्यात निघतो, पातळ थर नखाएवढ्या तुकड्यांत निघतो आणि दोन दिवस खरवडत बसावं लागतं. म्हणून या मालाचं परीक्षण उलट्या टोकाने करावं लागतं. पुढचा प्रत्येक सल्ला तो नीट सोलता यावा यासाठी आहे.

रसायन एकदा समजलं की निम्म्या चुका टळतात. गाडीचा कंपनीतला रंग भट्टीत भाजून पक्का होतो. गॅरेजमधला टू-के, म्हणजे दोन घटकांचा रंग हार्डनरशी संयोग पावून घट्ट होतो. एकदा झाला की साध्या थिनरला तो दाद देत नाही. डिपमध्ये असं काही घडत नाही. टोल्युइन, नाफ्था अशा द्रावकांत विरघळलेलं सिंथेटिक रबर फवारलं जातं, द्रावक उडून जातात आणि रबर मागे उरतं. त्याचा फायदा असा की नवा हात मारला की तो जुन्या हाताचा वरचा भाग किंचित विरघळवतो आणि दोन्ही मिळून एकच साल बनते. फाटलेल्या जागी ठिगळ लावता येतं तेही याच गुणामुळे. आणि तोटाही याच गुणात आहे: पेट्रोल हासुद्धा द्रावकच. टाकीच्या झाकणाखाली पंपावर चार थेंब ओघळले की तिथे सुरकुत्या पडतात. लगेच पाण्याने धुतलं तर बरेचदा वाचतं. वाळू दिलं तर झाकणाची साल काढून पुन्हा फवारणं हाच उपाय. म्हणून फवारताना टाकीचं झाकण आणि त्याखालची वीतभर पट्टी यांवर एक-दोन हात जास्त मारावेत.

कंपनीच्या सांगण्यानुसार वाळलेला थर उणे ३४ ते ९३ अंश सेल्सिअसपर्यंत लवचिक राहतो. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात उन्हात उभ्या काळ्या बॉनेटचं तापमान खूप चढतं, पण थर वितळून ओघळेल इतकं नाही. उन्हाने होणारं नुकसान वेगळं आहे आणि सावकाश होतं; त्याबद्दल पुढे.

आता मूळ रंगाची परीक्षा. आपल्याकडे ती सगळ्यात महत्त्वाची, कारण आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांचं एखादं तरी दार कधीतरी कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये पुट्टी भरून एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाने रंगवलेलं असतं. एनसी रंगही द्रावक उडून वाळणारा, म्हणजे डिपमधलं द्रावक त्याला मऊ करणार. मग दोन गोष्टी होऊ शकतात: रंग सुरकुततो, किंवा डिप त्याला असा धरून बसतो की सोलताना पुट्टीसकट पापुद्रा हातात येतो. तपासणी दोन मिनिटांची आहे. दाराच्या खालच्या कडेला, सहज दिसणार नाही अशा जागी, पांढऱ्या फडक्यावर थोडं थिनर घेऊन हलकं घासा. फडक्याला रंग लागला तर ते दार डिपसाठी बाद. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, पापुद्र्यासारखा उडत असेल तर तेही बाद. गंजाचा फोड असेल तर आधी गंज काढून प्रायमर. रबराखाली गंज झाकला जातो, थांबत नाही. नुकतीच रंगवलेली गाडी असेल तर किमान महिनाभर कळ काढा.

किती माल लागतो? एरोसोलचा कॅन ११ औंसाचा, म्हणजे ३११ ग्रॅमचा. एका चाकाला एक कॅन धरावा. चार चाकांना चार, आणि आरे बारीक व जास्त असतील तर पाचवा हाताशी असू द्या. साध्या हॅचबॅकच्या बॉनेटला चार ते पाच कॅन जातात. ग्रिलला एक पुरतो, लोगोला पाव. अख्ख्या गाडीला कॅन वापरू नयेत. पट्टे पडतात, बोट सुजतं आणि हिशेबही महाग पडतो. त्यासाठी फवारायला तयार असलेला गॅलनचा डबा मिळतो. एक गॅलन म्हणजे ३.७८ लिटर. हॅचबॅकला ३ ते ४ गॅलन, सेडानला ४ ते ५, मोठ्या एसयूव्हीला ६ किंवा अधिक. गडद गाडीवर पांढरा किंवा भडक फिका रंग चढवायचा असेल तर एखादा गॅलन वाढवा. निऑन रंगांखाली तर आधी पांढरा थर लागतोच, नाहीतर रंग मळकट दिसतो. दुकानदार 'तीन गॅलनमध्ये सेडान करून देतो' म्हणाला तर तो थर पातळ मारणार आहे, एवढंच त्यातून समजायचं.

भारतात याचे कॅन आयात होऊन येतात आणि दुकानागणिक भाव इतका बदलतो की रुपयांत आकडा देण्यात अर्थ नाही. डबे मोजा आणि त्या दिवशीच्या भावाने गुणा. परदेशातून येणाऱ्या भावाला किंवा मुलीला 'येताना चार कॅन टाक बॅगेत' सांगू नका. ज्वलनशील स्प्रे पेंट विमानात ना हातातल्या बॅगेत चालतो, ना चेक-इन सामानात. युरोपात याच जातीचे जर्मनीचा फोलियाटेक आणि स्पेनचा फुल डिप असे पर्याय आहेत; फोलियाटेकचा कॅन ४०० मिलिलिटरचा असतो. बाजारात निनावी 'रबर स्प्रे'सुद्धा भरपूर मिळतो आणि त्यातला काही नुसता मॅट रंग असतो. ओळखायचं कसं? आरशाच्या किंवा खिडकीच्या जुन्या काचेच्या तुकड्यावर चार हात मारा, चोवीस तास थांबा, कोपरा उचला. रबरासारखा ताणून सलग निघाला तर माल खरा. चुरा झाला किंवा ताणताच तुटला तर तो गाडीच्या जवळपासही नको.

मोसम. कोकणपट्टी, मुंबई आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये. द्रावक भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि काळ्या थरावर राखेसारखी पांढुरकी झाक येते. पुढचा हात कोरड्या हवेत मारला तर ती कधीकधी जाते, पण खाली अडकलेला ओलावा चिकटपणा कमी करतो आणि कडा सुटू लागतात. हवेतली आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या खाली आणि तापमान २० ते ३० अंश असेल असा दिवस निवडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पत्रा हाताला गरम लागत असेल तर सावलीत उभी करून थांबा. तापलेल्या पत्र्यावर थेंब पसरायच्या आधीच वाळतात आणि पृष्ठभाग सँडपेपरसारखा खरबरीत होतो. फार गरम, कोरड्या हवेत तर गनमधून थेंबांऐवजी तंतू निघतात आणि गाडीवर कोळिष्टकं धरल्यासारखी दिसतात. अशा वेळी गन थोडी जवळ आणा, हवेचा दाब कमी करा, आणि तरीही जमलं नाही तर संध्याकाळची वाट बघा.

जागेबद्दल एक गोष्ट ठामपणे: सोसायटीच्या तळघरातलं पार्किंग नको. ही वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते आणि ठिणगीने पेटते. शिवाय हवेत उडालेला रबराचा भुगा शेजारच्यांच्या गाड्यांवर बसतो, त्यावरून होणारी भांडणं वेगळीच. शेड किंवा गॅरेज दोन बाजूंनी उघडं हवं. जवळ गॅस गीझर, समई, उदबत्ती काही नको. तोंडावर कार्बन काडतुसाचा रेस्पिरेटर लागतो. कापडी मास्क किंवा एन-९५ धूळ अडवतो, द्रावकाची वाफ नाही. डोकं दुखायला लागलं म्हणजे मास्क चुकीचा आहे.

तयारीत वेळ जातो आणि तो जाऊ द्यावा. शाम्पूने धुवा, डांबराचे ठिपके काढा, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात मिसळून सगळा पत्रा पुसा, दर पॅनेलला फडक्याची नवी घडी. यात खरा शत्रू आहे पॉलिश आणि टायरला चकाकी आणणारं सिलिकॉन. त्याचा अंश राहिला की थरात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात आणि कडा आठवडाभरात उचलतात. मेणावर डिप बसत नाही असं नाही, पण नुसता टेकून बसतो. धुतल्यावर साइड मिरर, दाराचे हँडल, नंबर प्लेटचे स्क्रू, दिव्यांच्या फटी यांतलं पाणी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवा. हे टाळलं की तिसऱ्या हाताच्या वेळी मिररमधून एक थेंब नेमका दारावरून ओघळतो आणि ओल्या रबरात मुंगीच्या वाटेसारखी रेघ कोरून जातो.

काय झाकायचं आणि काय नाही, यात नवशिके उलटं वागतात. काच आणि हेडलाइट गुळगुळीत असतात. त्यांच्या कडांवर डिप जाड पडला तरी नंतर सोलून निघतो, म्हणून तिथे तासभर टेप लावत बसायची गरज नाही, मध्यभाग वर्तमानपत्राने झाकला की पुरे. उलट खरबरीत काळं प्लॅस्टिक, वायपरखालची जाळी आणि दारांची रबरी बीडिंग यांच्या छिद्रांत तो भरून बसतो, त्यांना टेप हवाच. रेडिएटरवर ग्रिलमागून पुठ्ठा सरकवा. बंपरमधले पार्किंग सेन्सर, मागचा कॅमेरा आणि ज्या गाडीच्या लोगोमागे रडार असतं तो लोगो यांवर थेंबही नको. थर बसला की सेन्सर उगाच ओरडतो किंवा गप्प बसतो. टेल लाइटवर काळा पातळ हात मारून 'स्मोक' करायची फॅशन आहे. मागच्याला ब्रेकचा दिवा दिसेनासा करणारी गोष्ट हौस म्हणून खपत नाही आणि नियमातही बसत नाही.

डब्यातला माल तळाशी बसलेला असतो. लाकडी काठीने नव्हे, तर ड्रिलला लावायच्या पात्याने पाचेक मिनिटं ढवळा आणि नायलॉनच्या जाळीतून गाळून घ्या. कॅन असेल तर आतली गोळी सुटून वाजायला लागल्यावर पुढे पूर्ण मिनिटभर हलवा. थंडीत कॅन कोमट पाण्यात ठेवावा, उकळत्या नव्हे. गॅरेजमध्ये बेस कोटसाठी असलेली १.३ किंवा १.४ मिलिमीटरची गन यासाठी अपुरी. रबर जाड असतं, १.८ ते २ मिलिमीटरचा नॉझल लावा. टर्बाइनवर चालणारी एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) मशीन या कामाला अधिक बरी, कारण तिची हवा उबदार आणि कोरडी असते आणि भुगा कमी उडतो. फवारायला तयार माल पातळ करू नका. कारागीर सवयीने एनसी थिनर ओततो. त्याने थर पातळ होतो आणि खालच्या रंगालाही धोका.

पहिला हात मुद्दाम अपुरा मारायचा. पन्नास-साठ टक्केच झाकला जाईल, खालचा रंग धुक्यातून दिसावा तसा दिसेल, तितकाच. हा हात पुढच्या थरांना धरून ठेवतो. सगळा राग इथेच काढून पहिल्याच फेरीत पत्रा झाकायला गेलं की उभ्या दारांवर ओघळ येतात. दहा ते पंधरा मिनिटांनी दुसरा हात थोडा भरून, आणि तिसऱ्यापासून पुढचे ओलेते, म्हणजे मागून प्रकाश टाकला की फवारलेली पट्टी चमकायला हवी. कॅन असेल तर अंतर वीतभराहून थोडं कमी, साधारण १५ सेंटिमीटर. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर अर्धी चढलेली. कॅनने पाच-सहा हात, गनने सहा-सात. छपरापासून सुरू करा, मग खांब, बॉनेट, डिकी, शेवटी बाजू आणि बंपर. उलटा क्रम धरला तर छपरावर वाकताना शर्ट ओल्या दाराला लागणारच. माशी बसली, केस पडला, ओघळ आला, तर हात लावू नका. ओघळ वाळताना बराच आखडतो. माशी वाळल्यावर चिमट्याने उचला आणि वरून एक फुसकारा मारा. ओल्या रबराला बोट लावणाऱ्याचा अख्खा पॅनेल जातो.

पॅनेलच्या कडांवर दर फेरीत एक पट्टी जास्त मारा. सोलायची सुरुवात कडेपासून होते आणि साल पहिल्यांदा फाटते तीही कडेलाच. दारं उघडल्यावर आत दिसणाऱ्या चौकटीला जुना रंग राहू द्यावा; तिथे बुटांनी, बॅगांनी रबर इतकं घासतं की दोन महिन्यांत लाज वाटावी.

टेप काढायची वेळ एकच: शेवटचा हात ओला असताना. टेप स्वतःवर दुमडत, तिरका, सावकाश. वाळल्यावर ओढला तर त्याच्याबरोबर अर्ध्या बॉनेटची साल येते. तरीही उशीर झालाच तर कडेवर थोडा माल फवारून ती मऊ करा आणि मग टेप ओढा. ब्लेडने कापायला गेलात तर खालच्या खऱ्या रंगावर कायमची रेघ उठेल, आणि ती रबरासारखी सोलून जाणार नाही. लोगोचं तंत्र वेगळं. त्याच्याभोवती वीतभर जागेवर जाड थर मारायचा, वाळू द्यायचा, आणि मग बाहेरची साल ओढत अक्षरांपर्यंत आणायची. अक्षरांच्या धारेवर ती आपोआप तुटते. आतल्या भोकांतले तुकडे टूथपिकने काढा.

चाकांबद्दल जरा थांबून. चाक काढून केलेलं काम कधीही सरस, पण लावलेल्या चाकावर करायचं तर टायर झाकायला पत्त्यांचा जुना कॅट आणा: टायर आणि रिमच्या फटीत एकेक पत्ता खोचत गोल पूर्ण करा, दहा मिनिटांत काम झालं. ब्रेक डिस्क आणि कॅलिपर आरपार दिसत असतील तर आऱ्यांमागे पुठ्ठा किंवा प्लॅस्टिक सरकवा. ब्रेकची काळी पूड आधी व्हील क्लीनरने निघालीच पाहिजे, नाहीतर थर त्या पुडीला चिकटतो, रिमला नाही. आणि एक चूक जीवावर बेतणारी आहे. नट ज्या तिरक्या खोबणीत बसतात ती जागा, आणि रिमचा हबला टेकणारा मागचा भाग, या दोन्हींवर रबर अजिबात जाता कामा नये. रबर दाबलं जातं, नटाचा आवळ सैल पडतो. तिथे टेप किंवा कागदाच्या गुंडाळ्या घाला, चाक लावल्यावर टॉर्क पान्याने आवळा आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. चिकटवायची बॅलन्सिंगची वजनं फवारण्याआधी लावून घ्यावीत. रबरावर चिकटवलेलं वजन साल घेऊन उडतं. टायर बदलायच्या मशीनवर रिमची कड थोडी तरी फाटतेच, म्हणून नवे टायर घालायचे असतील तर आधी टायर, मग डिप.

तासाभरात हाताला कोरडं लागतं, चारेक तासांनी गाडी हलवता येते. आठवडाभर धुऊ नका. त्यानंतरचा संसार मात्र वेगळ्या शिस्तीचा. मॅट थर सूक्ष्म खरबरीत असतो. त्यावर कोरडं फडकं रोज घासलं की त्या जागा गुळगुळीत होऊन चकाकतात आणि बॉनेटवर तेलकट चट्टे आल्यासारखे दिसतात. पॉलिश करून ते घालवता येत नाहीत, कारण पॉलिश म्हणजे अजून घासणं. सकाळी एका बादलीत दहा गाड्या पुसणाऱ्या माणसाला ही गाडी फक्त पाण्याने ओतून धुवायला सांगा किंवा तिला वगळायला सांगा. ब्रशचं ऑटोमॅटिक वॉशिंग नको. प्रेशर वॉशर दोन-तीन फुटांवरून, आणि कडांवर तिरका कधीच नाही. सालीत पाणी शिरलं की पिशवीसारखी फुगते. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक त्याच दिवशी ओल्या फडक्याने टिपून घ्या. कोकणातली तांबडी धूळ पांढऱ्या मॅटमध्ये मुरते, त्या भागात पांढरा रंग घेऊच नये. दसऱ्याला हळद-कुंकवाचं बोट बॉनेटवर न लावता काचेवर लावावं. हळदीचा पिवळेपणा उन्हाने उतरतो, पण कुंकू पांढऱ्यावर गुलाबी ठसा ठेवून जातं. झेंडूची माळ चालेल, तिचा टेप मात्र रबरावर नको.

चकाकी हवी म्हणून वरून 'ग्लॉसिफायर'चे थर मारतात. चाकांवर छान दिसतं. अख्ख्या गाडीवर त्याची अपेक्षा ठेवू नका. खऱ्या क्लिअर कोटची आरशासारखी खोली त्याला येत नाही, जवळून साटीनसारखं दिसतं, आणि धूळ जास्त धरतं.

लहान फाट दुरुस्त करायची तर फाटलेली कड मिनरल टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने दाबून बसवा, वाळू द्या, वरून दोन हलके हात. रंगाच्या दुकानात एमटीओ म्हणून मिळतं तेच. मॅट काळ्यात हे ठिगळ ओळखू येत नाही. मोतिया किंवा धातूच्या छटेत येतं, तिथे पूर्ण पॅनेल करावा लागतो.

कायद्याची बाजू छोटी पण टाळता न येणारी. आरसीवर गाडीचा रंग नोंदलेला असतो. चाकं, ग्रिल यांनी तो बदलत नाही. अख्खी गाडी पांढऱ्याची काळी केली तर बदलतो, मग तो रंग सोलता येणारा असो वा नसो. 'हा पेंट नाही, रबर आहे' हा युक्तिवाद नाक्यावर चालत नाही. आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरने कागदावर एक रंग आणि समोर दुसरा पाहणं हे दाव्याच्या दृष्टीने बरं नाही. लष्करी हिरवा रंग तर घेऊच नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार तो फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी आहे, आणि कॅनमध्ये 'कॅमो ग्रीन' नावाची छटा सहज मिळते. एचएसआरपी नंबर प्लेट काढून किंवा पूर्ण झाकूनच काम करा.

व्हिनाइल रॅपशी तुलना होणारच. रॅप पेट्रोलला, फडक्याला आणि कार वॉशला जास्त तोंड देतो, चकाकीही चांगली देतो, पण वळणदार चाकांवर आणि ग्रिलच्या जाळीत तो गुंडाळता येत नाही. तिथे फवारणारं रबर एकटंच राजा. दगड लागून रंगाचे टवके उडू नयेत एवढाच हेतू असेल तर पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म घ्यावी. डिप खडी थोडीफार सोसतो, पण त्या कामासाठी बनलेला नाही.

आता ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, ते सोलणं. उबदार दिवस निवडा किंवा हेअर ड्रायर फिरवा. कडेला बोटाने घासत रबराची वळी करा, दोन बोटांत धरण्याइतकी साल सुटली की पत्र्याला जवळजवळ समांतर, सावकाश ओढा. उभी, झटक्याने ओढलेली साल तुटते. सालीचे फारच तुकडे होत असतील तर खरवडत बसू नका, वरून अजून दोन-तीन भरपूर हात मारा, दुसऱ्या दिवशी सोला. नवा माल जुन्यात मिसळून जाडी मिळते आणि साल सलग येते. हे थोडं विचित्र वाटतं, काढायच्या वस्तूवर पैसे घालायचे, पण नखं आणि दोन दिवस वाचतात. फटींमधले आणि बीडिंगवरचे अवशेष एमटीओने ओलावून दहा मिनिटांनी मायक्रोफायबरने पुसा, नंतर शाम्पूने धुवा. खालचा रंग उन्हापासून वाचलेला असतो, त्यामुळे नुसतं बॉनेट डिप केलं होतं तर ते शेजारच्या फेंडरपेक्षा ताजं दिसेल. थोडं पॉलिश सगळ्या गाडीला मारून फरक कमी करावा लागतो.

साधारण तीन वर्षं हा थर टिकतो असं धरलं जातं. सदैव उन्हात उभ्या असलेल्या गाडीला आपल्याकडे मी दोनच धरतो. त्यानंतर तो गाडीवरून पडत नाही, दिसायलाही बरा असतो, पण रबर आतून कडक होत जातं, ताणलं की तुटतं. म्हणून तो वाईट दिसायची वाट बघू नका. दर दिवाळीला टाकीच्या झाकणाखालची कड बोटभर उचलून ताणून बघा. ताणली जात असेल तर पुन्हा बसवून वर एक फुसकारा मारा, लगेच तुटली तर त्याच हिवाळ्यात सगळी साल काढून टाका.